ही आवड माझी की त्यांची?

प्रश्न : (पत्र मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देत आहे.)

पत्रलेखिकेच्या आईवडिलांनी जन्मभर अंगमेहनतीची कामं केली. घरात कॉलेजची पायरी चढलेल्या त्या पहिल्याच. आता त्यांना चांगली नोकरी आहे. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून त्या पहिल्यांदाच सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची पाश्चात्त्य रचना, ऐकायला गेल्या. पहिला भाग संपला तेव्हा भारावून जाऊन त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं आणि शेजारची सहकारी हलकेच म्हणाली, "अजून संपलं नाहीये." पुढचं त्यांना काही ऐकू आलं नाही. तरीही त्या संगीत ऐकत राहिल्या, चित्रप्रदर्शनं पाहू लागल्या आणि आता त्यांना त्याची खरोखरच ओढ लागली आहे. मात्र भाऊ म्हणतो, "तुला ते आवडत नाही, तुला त्यांच्यातलं व्हायचंय." आईला एकदा चित्रं पाहायला नेलं, तर ती दाराजवळच्या बाकावर बसून राहिली आणि म्हणाली, "हे आपल्यासाठी नाही." त्यांचा प्रश्न असा : ललित कलांची जाण ही जन्माने, घराने, वर्गाने मिळते का? तसं असेल, तर माझी आवड म्हणजे निव्वळ नक्कल आहे का? आणि आईला पुन्हा न्यावं का?

उत्तर :

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती टाळीपाशी. त्या एका टाळीवरून तुम्ही स्वतःबद्दल फार मोठा निष्कर्ष काढला आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते.

१७७८ साली पॅरिसमध्ये मोत्सार्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराची एक नवी सिम्फनी वाजली. त्यानंतर त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. पहिल्या भागाच्या मधोमध एक जागा होती, ती लोकांना आवडणार याची त्याला खात्री होती. झालंही तसंच. श्रोत्यांना राहवलं नाही आणि वाजवणं चालू असतानाच टाळ्या पडल्या. तीच जागा त्याने भागाच्या शेवटी पुन्हा आणली होती, तिथे पुन्हा टाळ्या. कार्यक्रम संपल्यावर त्या आनंदात तो आइस्क्रीम खायला गेला, नवस केल्याप्रमाणे जपमाळ ओढली आणि घरी गेला, असं त्याने स्वतःच लिहिलं आहे. म्हणजे तुम्ही निदान भाग संपेपर्यंत थांबलात, त्याचे श्रोते तेवढेही थांबले नव्हते, आणि तो नाराज तर झाला नाहीच, खूश झाला. सगळे भाग संपेपर्यंत गप्प बसायचं ही रीत नंतरची आहे. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकात घट्ट झाली. रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही, शांततेत बारकावे जास्त ऐकू येतात. पण तुम्हाला त्या संध्याकाळी जे माहीत नव्हतं ती सभागृहाची रीत होती. संगीत तुमच्यापर्यंत पोहोचलंच होतं. नाहीतर हात उचलले गेले नसते.

तुमची सगळी अडचण या दोन गोष्टींची गल्लत होण्यातून आली आहे, असं मला वाटतं. एक म्हणजे कलाकृतीने हलण्याची कुवत, आणि दुसरी म्हणजे तिच्या भोवतालात सहज वावरता येणं. तुम्ही विचारता, जाण वर्गाशी बांधलेली आहे का? कुवत नाही. सहजता मात्र फार मोठ्या प्रमाणात आहे. "कलेला वर्ग नसतो" असं म्हणून तुमची समजूत काढणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं आणि तुम्ही जे भोगलंत त्याचा तो अपमान झाला असता.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू याने १९६०च्या दशकात हेच तपासलं आणि १९७९मध्ये त्यावरचं मोठं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याने लोकांना विचारलं, अमुक गोष्टीचा फोटो सुंदर होऊ शकेल का? सूर्यास्ताचा? कोबीच्या गड्ड्यांचा? झाडाच्या सालीचा? कमी शिकलेल्यांनी सूर्यास्ताला कौल दिला, जास्त शिकलेल्यांनी कोबीला आणि सालीला. एका म्हातारीच्या हातांचा फोटोही त्याने दाखवला होता. कष्टकऱ्यांना त्यात ती म्हातारी दिसली : काय हे हात, बिचारीने किती राबलं असेल! वरच्या वर्गातल्या लोकांना श्रमाचं प्रतीक दिसलं, एखादं जुनं चित्र आठवलं. त्याच्या पाहणीत आवडनिवड सगळ्यात जास्त शिक्षणाशी आणि त्यानंतर घराण्याशी जुळलेली निघाली.

त्याआधी त्याने सहकाऱ्यांबरोबर युरोपातल्या संग्रहालयांत येणाऱ्यांचीही पाहणी केली होती. तिथे कामगारवर्गातल्या लोकांना वाट दाखवणारे बाण हवे होते, माहितीचे फलक हवे होते, बरोबर कुणीतरी जाणतं हवं होतं. शिकलेल्यांना त्यांची गरज वाटत नव्हती, कारण तो नकाशा त्यांच्या डोक्यात आधीच होता. तुमच्या आई दाराजवळच्या बाकावर का बसल्या, याचं उत्तर मला इथे दिसतं. ब्रिटनमध्ये २००१च्या अखेरीस राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क काढून टाकलं, तेव्हा भेटींची संख्या भरभर वाढली. पण वाढलेल्या गर्दीत मोठा भाग आधीपासून येणाऱ्या वर्गातल्याच लोकांचा होता. तिकीट हा एक अडसर झाला. "आपण इथे शोभत नाही" हा त्याहून मोठा, आणि तो रद्द करायला सरकारी आदेश पुरत नाही.

आता भावाच्या वाक्याकडे येते. कला "त्यांची" आहे हे तो गृहीत धरतो आणि तुम्हीही धरता. पण कुठली कला कुणाची, हे ठरलेलं नसतं, ते बदलत आलं आहे. ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, दरबारात जन्मला हे खरं, पण १६३७मध्ये व्हेनिसमध्ये पैसे देईल त्याला प्रवेश असलेलं ऑपेराघर उघडलं आणि तो सगळ्या थरांत गेला. शेक्सपिअरची नाटकं लंडनमध्ये एका पेनीत अंगणात उभं राहून पाहता येत आणि ते अंगण भरलेलं असे. १८४९मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर प्लेस इथे तर दंगल झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. निमित्त होतं मॅक्बेथची भूमिका करणाऱ्या दोन नटांच्या चाहत्यांमधलं वैर. त्यांच्यातला अमेरिकन नट हा कामगारांचा लाडका होता. शेक्सपिअरवरून रस्त्यावर उतरणाऱ्या त्या कामगारांना "हे आपल्यासाठी नाही" असं कुणी सांगितलं असतं तर त्यांना ते कळलंही नसतं. अमेरिकेत शेक्सपिअर हा शिष्टांचा नाटककार झाला तो त्यानंतर.

आपल्याकडची गोष्ट तर याहून बोचरी आहे. आज जे शास्त्रीय गाणं प्रतिष्ठेचं मानलं जातं, ते ज्या गळ्यांनी जिवंत ठेवलं त्यातले कितीतरी गळे कलावंतिणींच्या घरातले होते. त्यांचं गाणं ऐकायचं, पण त्यांना आपल्या घरात मानाने बसवायचं नाही, असा तो काळ. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर अशाच कलावंत घरातल्या. १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर पृथ्वीचा नमुना म्हणून जी ध्वनिमुद्रिका अंतराळात पाठवली, तिच्यात त्यांची भैरवी आहे. देवदासींच्या नाचाचंही तेच झालं. सदिर म्हणून तो बदनाम होता, १९३०च्या दशकात तो भरतनाट्यम झाला आणि मग सुखवस्तू घरातल्या मुलींना शिकवला जाऊ लागला. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याच मुलींना पुढे त्या दारातून आत जाताना संकोच वाटावा, हा अन्याय आहे. आपल्याकडे वर्गाच्या मागे जात उभी असते, हेही इथे विसरता येत नाही. म्हणून भावाला माझ्यातर्फे एवढंच विचारा, की "त्यांचं" म्हणजे कधीपासून त्यांचं?

आणि आता तुमचा खरा प्रश्न. माझी आवड उसनी आहे का?

हो, उसनी आहे. तुमच्या सहकाऱ्यांचीही उसनीच आहे. फरक इतकाच, की त्यांना ती इतक्या लहानपणी मिळाली की कुणाकडून घेतली हे त्यांना आठवत नाही. मातृभाषा शिकल्याचं कुणाला आठवत नाही, मोठेपणी शिकलेली भाषा मात्र कुठे, कुणाकडून, कोणत्या चुका करत शिकलो ते सगळं आठवतं. तेवढ्यावरून दुसरी भाषा खोटी ठरत नाही. त्या भाषेत माणसं प्रेम करतात, भांडतात, कविताही लिहितात. घरात लहानपणापासून गाणं वाजत असलेल्या माणसाला आपली आवड उपजत वाटते, आणि तशी वाटण्याचा फायदाही त्याला आपोआप मिळतो. बूर्द्यूने केलेली सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही वाटते, की या उपजतपणामागे शिकवण आणि सवय आहे हे त्याने उघड केलं. तुमचं शिकणं दिसतं, त्यांचं दिसत नाही. त्यामुळे नक्कल केल्याचा आरोप नेहमी तुमच्यासारखीवरच होतो.

तुमची शंका तरीही उरते, हे मी समजू शकते. पुन्हा पुन्हा कानावर पडलं म्हणून आवडायला लागलं, असंच तर नसेल? असं होतं, यात वाद नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग यांनी आपल्या वर्गात काही प्रसिद्ध आणि काही कमी प्रसिद्ध चित्रं काहीही न सांगता क्षणभर दाखवायला सुरुवात केली. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना जास्त वेळा दाखवलेली चित्रं जास्त आवडू लागली होती. २००३मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि थोर कला म्हणजे निव्वळ सवय का, अशी चर्चा सुरू झाली. पण २०१३मध्ये ब्रिटनमधल्या काही तत्त्वज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी तोच प्रयोग एक बदल करून केला. त्यांनी एकीकडे एकोणिसाव्या शतकातल्या मिले या इंग्लिश चित्रकाराची चित्रं घेतली आणि दुसरीकडे समीक्षकांनी भडक, गुळगुळीत म्हणून नाकारलेल्या एका लोकप्रिय चित्रकाराची. दुसऱ्याची चित्रं जितक्या जास्त वेळा पाहिली तितकी ती विद्यार्थ्यांना नावडती झाली. मिलेच्या बाबतीत तसं झालं नाही. एका प्रयोगावर जग तोलायचं नसतं, पण त्यातून तुम्हाला एक कसोटी मिळते आणि ती घरबसल्या वापरता येते. जे संगीत तुम्हाला आवडतं असं वाटतं, ते कुणालाही न सांगता, कुणीही शेजारी नसताना, महिनाभर अधूनमधून ऐका. दर वेळी त्यात काहीतरी नवं ऐकू येतं का? की ऐकून झाल्यावर कुणाला सांगता येत नाही म्हणून ते फिकं पडतं? पहिलं असेल, तर भाऊ काहीही म्हणो, ती आवड तुमची आहे. दुसरं असेल तर ते खुशाल सोडून द्या, कारण सगळंच आवडलं पाहिजे अशी सक्ती कुणी केलेली नाही. न आवडलेलं चित्र न आवडल्याचं चारचौघांत सांगता येणं, ही तर आपलेपणाची मोठी खूण आहे. पाहुणा यजमानाच्या घरातलं सगळं छान म्हणतो, घरचा माणूस म्हणत नाही.

आता थोडं हाताशी येईल असं. तुमच्यासारखी पत्रं मला इतरांचीही येतात, म्हणून त्यांनीही हे वाचावं.

प्रदर्शनाला गेलात की सगळी दालनं पायाखाली घालायचा हट्ट सोडा. तीस चित्रांसमोरून चालत गेलं की पाय दुखतात आणि डोक्यात काही राहत नाही. एक दालन घ्या, त्यातलं एकच चित्र निवडा आणि दहा मिनिटं समोर थांबा. शेजारची पाटी आधी वाचू नका. उजेड कुठून येतोय, चित्रातली माणसं कुणाकडे बघताहेत, चित्रकाराने कुठे घाई केली आहे आणि कुठे जीव ओतला आहे, हे पाहा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. तो आला की निघायचं नाही, त्याच्या पलीकडेच दिसायला सुरुवात होते. पाटी त्यानंतर वाचा, म्हणजे तुमचं पाहणं आधी झालेलं असेल आणि तिच्यातली माहिती त्याला जोडली जाईल. सिम्फनीचंही तसंच. जायच्या आधी ती एकदोनदा ऐकून ठेवा. किती भाग आहेत ते कळतं, रीतीची धास्ती जाते आणि कान मोकळे राहतात.

आणि जमेल तसं, कितीही वाईट का होईना, हाताने काही करून बघा. १९३४मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला अ‍ॅशिंग्टन या कोळशाच्या खाणींच्या गावात कामगारांसाठी कलास्वादाचा वर्ग सुरू झाला. शिकवायला रॉबर्ट लायन नावाचे शिक्षक आले. त्यांनी जुन्या इटालियन चित्रांच्या स्लाइड दाखवायला घेतल्या, पण दिवसभर खाणीत राबून आलेल्या त्या माणसांना त्यातून काही मिळेना. तेव्हा लायन यांनी त्यांच्या हातात साहित्य दिलं, काढा म्हणाले, आणि दर वेळी एकमेकांच्या चित्रांवर बोला म्हणाले. त्यांनी आपलं खाणीतलं आणि घरातलं जगणं रंगवलं. त्यांचा गट पुढे कित्येक वर्षं चालला आणि ती चित्रं आज तिथल्या संग्रहालयात आहेत. स्वतः एक हात काढण्याचा प्रयत्न करून झाला की दुसऱ्याने काढलेला हात पाहताना नजरच बदलते. त्यासाठी कुणाच्या घराण्याची पूर्वपुण्याई लागत नाही.

पैशाबद्दल फार बोलत नाही, तुम्ही तो प्रश्न विचारलेला नाही. पण ज्यांना वाटतं की संग्रह वगैरे श्रीमंतांचं काम, त्यांना हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल यांच्याबद्दल सांगायला हवं. तो न्यूयॉर्कच्या पोस्टात टपाल वर्गवारी करणारा, शाळाही पुरी न केलेला शिंप्याचा मुलगा, ती ग्रंथपाल. तिच्या पगारात घर चालायचं, त्याच्या पगारातून कलाकृती घ्यायच्या. परवडली पाहिजे आणि घरात मावली पाहिजे, एवढेच नियम. एका शयनगृहाच्या भाड्याच्या घरात चार हजारांहून अधिक कलाकृती जमल्या. १९९२मध्ये तो संग्रह त्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला द्यायचं ठरवलं, कारण तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. त्यांनी जे घेतलं ते त्या काळी नावारूपाला न आलेल्या, सामान्य माणसाला तर सोडाच, जाणत्यांनाही अवघड वाटणाऱ्या कलावंतांचं काम होतं. कळायला लागलं ते बघून बघून, स्टुडिओत जाऊन कलावंतांशी बोलून.

आईला पुन्हा न्यायचं का, असं तुम्ही विचारता. न्यायच्या आधी त्यांना विचारा. त्या नको म्हणाल्या तर तो नकार मानाने घ्या. त्यांनी कलेला नाकारलं असं त्याला समजू नका. येणार असतील तर माणसांची चित्रं असलेलं एखादं छोटं प्रदर्शन निवडा, गर्दी नसेल अशा वेळी जा, आणि पहिली पाचदहा मिनिटं तुम्ही काहीही समजावून सांगू नका. ही कोण असेल, ती कशाला थांबली असेल, एवढंच विचारा. बूर्द्यूच्या पाहणीतल्या कष्टकऱ्यांना म्हातारीच्या हातांत म्हातारी दिसली होती, याला मी कमी दर्जाचं पाहणं मानायला तयार नाही. राबून राबून बोटांची काय गत होते ते ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या फोटोत असं काही दिसतं जे प्रतीक शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. तुमच्या आईंना चित्रातल्या कपड्याची शिवण दिसेल, ओझं कोणत्या कुशीवर तोललं आहे ते दिसेल, चित्रकाराने ते चुकीचं काढलं असेल तर तेही दिसेल. ते ऐकून घ्या. तुम्हाला आजवर कुणी दाखवलं नसेल असं काहीतरी त्या दाखवतील, आणि त्या वेळी शिकणाऱ्या तुम्ही असाल.

राहता राहिला भाऊ. त्याच्या बोलण्यात बोच आहे, पण त्यामागे मला भीती दिसते. बहीण शिकली, नोकरीला लागली, आता गाणीही वेगळी ऐकते, म्हणजे ती आपल्यातून जाणार. ही भीती अगदी निराधार नाही. अशी घरं मी पाहिली आहेत, जिथे आवडीनिवडीवरून बोलणंच बंद झालं. पण नवी आवड धरली म्हणून जुनी टाकावी लागते असं नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन यांनी १९८२ आणि १९९२च्या पाहण्या ताडून दाखवलं, की वरच्या वर्गातले लोकही आता फक्त उच्च समजल्या जाणाऱ्या कलांवर थांबत नाहीत, सगळ्या प्रकारचं ऐकतात. जे त्यांना चालतं ते तुम्हालाही चालेल. ज्या गाण्यांवर तुम्ही दोघं लहानाचे मोठे झालात ती तुम्हाला अजून आवडत असतील, तर ती सहकाऱ्यांसमोरही आवडतात म्हणून सांगा. ऑफिसात एक आणि घरात दुसरीच अशी राहू नका, भावाला खटकतंय ते तेच असावं. आणि एखाद्या रविवारी त्याच्याजवळ बसून आधी त्याच्या आवडीची दोन गाणी ऐका, मन लावून ऐका. मग तुम्हाला ज्यावर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या तो सिम्फनीचा पहिला भाग त्याला ऐकवा. त्याला आवडलाच पाहिजे अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. नाही आवडला तर काय आवडलं नाही ते विचारा, आणि तो सांगेल त्यावर वाद न घालता दोघांनी तो पुन्हा एकदा ऐका.